कंडक्टरच्या टाळूतलं कासव

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला कागदावर समजून घे.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून डाव्या पायालाच बोल लावतेस की आता उजव्याचीही पाळी आली? नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणाली होतीस, ती दुकानदाराकडूनच वाकवून घे, स्वयंपाकघरातली पकड घेऊन स्वतः बसू नकोस. मागच्या खेपेस तू तो पराक्रम केलास आणि कितीतरी दिवस जगाकडे तिरक्या नजरेनं बघत होतीस. (सरळ नजरेनं तू जगाकडे कधी पाहिलं आहेस म्हणा.) शेजारीणबाईंशी अबोला संपला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, संपला नसेल तर सांगू नकोस. माझ्या प्रकृतीचं खाली लिहितो.

काल फोनवर तू म्हणालीस की माझं बोलणं बोबडं येतंय, ‘स’ आणि ‘श’च्या जागी नुसता वारा येतोय. तू जन्मभर इस्पितळाच्या वॉर्डात मेट्रन म्हणून राज्य केलंस, त्यामुळे तुझ्या मनात पहिलं काय येणार हे मला कळलंच. आरशासमोर उभं राहून हसायला सांगितलंस, हसलो. दोन्ही हात वर करायला सांगितलेस, केले. पण फोन हातात असताना दोन्ही हात वर कसे करायचे ते तू सांगितलं नव्हतंस. फोन आपटला आणि तुला वाटलं की मीच आपटलो. तू लगेच खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना फोन करून माझ्या दारात उभं केलंस. त्यांच्यासमोरही मी हसलो आणि हात वर केले. त्यांनी गळ्यातली टेप काढून छातीचं माप घेतलं आणि म्हणाल्या, “बरेच वाळलात हो.” सांगायचं हे की मला अर्धांगाचा झटका आलेला नाही. बोबडेपणाचं कारण तोंडातच आहे आणि ते फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून हे पत्र. एकच विनंती. तू पत्रं शेवटाकडून वाचतेस (आधी कोण गेलं ते कळावं म्हणून), तसं या खेपेस करू नकोस. गेलेला माणूस या पत्रात सुरुवातीलाच आहे.

कंडक्टर गेला हे तुला कळवलंच होतं. कसा गेला ते कळवलं नव्हतं, कारण ते सांगायला घेतलं की माझी बाजू फार लंगडी दिसते. तुला तो आठवत असेल. तुझ्याकडे एकदाच आला होता आणि दारातून आत येताच सवयीनं “पुढे सरका, मागे माणसं आहेत” म्हणाला होता. मागे फक्त मी होतो. तू त्याला ‘तो खुळखुळा’ म्हणायचीस, कारण त्याच्या खिशात कायम सुट्टे वाजायचे. आमची ओळख कशी झाली ते मात्र मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मी दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायचो. मागच्या खोलीतल्या कारागिराला माणूस दिसत नाही, माणसाचं नुसतं तोंड दिसतं, तेही प्लॅस्टरचं. एके दिवशी एक साचा हातात आला. समोरच्या दातांना अशा खाचा, की कुणी कानस घेऊन पाडाव्यात. मी हात धुऊन बाहेर आलो. खुर्चीत खाकी कपड्यांतला माणूस बसला होता आणि डॉक्टर त्याला झापत होते. गर्दीच्या बसमध्ये एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात दांडा, मग उतारूला परत द्यायचे सुट्टे तो दातात धरायचा. मी म्हटलं, डॉक्टर, रागावू नका, जुने ग्रीक लोकसुद्धा बाजाराला जाताना चिल्लर गालात ठेवून जायचे.

(तुला वाटेल, कवळ्यावाल्याला हे कुठून ठाऊक. तू मोठी म्हणून तुला शाळा मिळाली, मला वाचनालय मिळालं. तिथली ज्ञानाची मोठाली पुस्तकं मी अक्षरांच्या क्रमानं वाचायला घेतली होती आणि तेव्हा ‘ग’वर होतो. गांडूळ झालं, गुरुत्वाकर्षण झालं, ग्रहण झालं आणि ग्रीक आले. मी तिथेच उतरलो. ‘घ’पासून पुढचं जग मला आजही नीट माहीत नाही.)

कंडक्टरनं खुर्चीतच मान वळवून विचारलं, “मग तिकिटं कुठे धरायचे ते?” आणि आमची दोस्ती झाली. नाण्यांचा नाद मी त्याला लावला असं तुम्ही सगळे म्हणता, पण नाण्यांत तो आधीपासून बुडालेलाच होता, मी फक्त दोन-अडीच हजार वर्षं खाली ढकलला. मोठी ग्रीक नाणी आमच्या आवाक्यातली नव्हती. राजाचं डोकं, चार घोड्यांचा रथ, असलं सगळं आम्ही लिलावाच्या काचेबाहेरून बघितलं. आम्ही गोळा केली ती त्या काळची चिल्लर. ओबोल म्हणतात त्याला. चांदीचा, सदऱ्याच्या बटणाहून लहान, नखावर ठेवला तर नख मोठं वाटावं. पण त्यातही दुर्मीळ म्हणून असतंच. कंडक्टरकडे एक होता, एका बेटावरचा, एका बाजूला कासव. तशी कासवं पुष्कळ सापडतात, पण त्याचं कासव समुद्रातलं होतं, पायांच्या जागी वल्ही असलेलं, आणि इतक्या बारीक नाण्यावर इतकं स्वच्छ उमटलेलं आम्ही दुसरं पाहिलं नाही. तो ते भिंगाखाली धरायचा आणि म्हणायचा, “वेळेवर पोचणार नाही, पण पोचेल.” (त्याच्या बसबद्दल लोक हेच म्हणायचे, फक्त दुसरा अर्धा भाग गाळून.)

लिलावात आमची एक रीत होती, ती तुला सांगायलाच हवी, कारण पुढचा घोटाळा तिच्यावरच उभा आहे. बोली लागली की मला भान राहत नाही. हात आपोआप वर जातो. म्हणून कंडक्टर माझ्या मागच्या खुर्चीवर बसायचा आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर नाण्याच्या कडेनं वाजवायचा. दोनदा टक टक, म्हणजे चल. एकदा टक, म्हणजे थांब. बसच्या घंटीचा नियम. घंटी त्याची, गाडी माझी. इतकी वर्षं आम्ही असेच बसलो आणि त्याची थांबण्याची घंटी मी एकदाही मोडली नाही. म्हणूनच माझ्या घरात अजून खाट आहे.

आता त्या ग्रीकांची एक समजूत सांगतो. मेल्यावर नदी लागते. नदीवर नावाडी असतो आणि तो फुकट नेत नाही. म्हणून मेलेल्याच्या तोंडात एक ओबोल ठेवायचा. ज्याच्याकडे भाडं नसेल तो काठावर हिंडत राहतो, पलीकडचे दिसतात, जाता येत नाही. मी हे कंडक्टरला गंमत म्हणून सांगितलं. त्यानं ते गंमत म्हणून घेतलं नाही. बिनतिकिटाच्या माणसाला त्यानं कधी सोडलं नव्हतं. एकदा स्वतःच्या सासऱ्यांना भर पावसात खाली उतरवलं होतं, त्यापायी बायको माहेरी जाऊन बसली होती. ती वारल्यावर घरात मुलगा, सून, नातवंडं आणि तो. “मुलगा गुणी आहे,” मला म्हणाला, “पण विसरेल. ऐन वेळी रडारड असते, कोण लक्षात ठेवतंय. दात पडल्यावर तू करून दिलीस त्या कवळीतच सोय कर.”

केली. अक्का, ते माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं. वरच्या कवळीत टाळूच्या बाजूनं कासवाच्या मापाची खाच, तिला कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात त्या गुलाबी मसाल्याचीच बारीक कड, नाणं आत सरकवलं की खटकन बसे आणि जिभेलाही कळत नसे. तो घालून जेवला, बोलला, शिंकला. नातवंडांसमोर तोंड उघडून दाखवायची मात्र मी बंदी केली होती. त्या दिवसापासून तो इतका निवांत झाला, की बघणाऱ्याला वाटावं याची पुढची सीट राखून ठेवलेली आहे. “मी कधीही निघायला मोकळा,” म्हणायचा. आणि मी मूर्ख खूश.

ही सगळी योजना एका गोष्टीवर बुडाली आणि ती गोष्ट जगात तुझ्याइतकी कुणालाच पाठ नाही. माणूस अत्यवस्थ झाला की परिचारिका पहिलं काय करते? कवळी काढते, पिशवीत घालते, पिशवीवर नाव लिहिते. तू हे पोरींच्या किती तुकड्यांना शिकवलंस. जेवणाच्या टेबलावर मला ऐकवलंस. कवळी घशात अडकून गेलेल्या माणसाची गोष्ट तू माझ्या लग्नातसुद्धा सांगितली होतीस. तुला एकदा विचारलं असतं तर तू एका वाक्यात आम्हा दोघांना जमिनीवर आणलं असतंस. पण तुला विचारायचं म्हणजे आधी बोलणी खायची, म्हणून दोन म्हाताऱ्यांनी आपल्याच डोक्यानं चालायचं ठरवलं.

त्याच्या छातीत पाणी झालं. मी भेटायला गेलो तेव्हा तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि गाल आत गेले होते. कवळीशिवाय मी त्याला इतक्या वर्षांत फक्त प्लॅस्टरमध्ये पाहिलं होतं. त्यानं मला ओळखलं. हात उचलून बोट तोंडाकडे नेलं. पुन्हा नेलं. मी परिचारिकेला विचारून मुखवटा जरा वर केला, कापूस ओला केला आणि त्याचे ओठ पुसले. त्यानं मान हलवली, बोट पुन्हा तोंडाकडे. मी म्हटलं, हो रे, देतो, आणि आणखी पाणी घेतलं. तो माझ्याकडे बघत राहिला. सुट्टे नसलेल्या उतारूकडे तो जसा बघायचा तसं नव्हे. आपल्याकडे सुट्टे नसताना उतरायची जागा आल्यावर माणूस बघेल तसं. मला वाटलं, तहान लागली आहे.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला पुरलं त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. लोक रडत होते. मीही रडत होतो, पण आत कुठेतरी हसूही येत होतं, की बेट्या, सगळ्यांना फसवून तिकीट काढून चाललास. (पेटीत ठेवताना कवळी परत बसवली असणार, असंच मी धरून चाललो होतो.) पेटी खाली सोडण्याआधी मी पुढे होऊन तिच्या झाकणावर दोनदा टक टक वाजवलं. चल. (सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, दार वाजवतोय.)

पुढे बऱ्याच दिवसांनी मुलानं मला चहाला बोलावलं. नाण्यांचा डबा लिलाववाल्यांकडे दिला आहे म्हणाला, सूनबाईंच्या शिक्षणाचा खर्च निघेल, बाबांनीच तसं सांगून ठेवलं होतं. चांगलंच आहे म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “काका, बाबांचं डोकं शेवटी फिरलं होतं. कवळीत नाणं चिकटवून घेतलं होतं त्यांनी. पिशवीत मिळालं. जीव गेला असता.” मी कप खाली ठेवला. विचारलं, ते नाणं कुठे आहे? तर पिन घालून उपसून काढलं आणि डब्यात टाकलं. आणि कवळी? ती कचऱ्यात. मग मी त्याला सगळं सांगितलं, नदी, नावाडी, खाच, सगळं. तो गुणी मुलगा आहे, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, “काका, तुम्हीपण?” आणि सूनबाईंनी माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. डबा परत आणता येईना. यादी छापून झाली होती, सही झाली होती, लिलाववाल्यांनी साफ नाही म्हटलं. छापील यादीत कासवाच्या वर्णनाखाली एक ओळ होती, ‘कडेला किंचित गुलाबी अवशेष’. अक्का, तो माझा मसाला. ती ओळ वाचून मला जे झालं ते मी लिहीत नाही. कंडक्टर काठावर उभा होता. माझ्या कारागिरीवर विसंबून गेला होता आणि काठावर उभा होता.

म्हणून मी माझी सगळी नाणी एका व्यापाऱ्याला विकली आणि लिलावाला गेलो. (आता ओरडू नकोस, कासव मिळेपर्यंत थांब.) लिलावाची खोली तू पाहिलेली नाहीस. लांबट हॉल, घडीच्या खुर्च्या, समोर उंच टेबलामागे हातोडीवाला, भिंतीशी टेबलावर फोन घेऊन बसलेल्या मुली, आणि त्या दिवशी नाण्यांच्या आधी घरगुती वस्तू. मी नेहमीच्याच खुर्चीवर बसलो. मागची खुर्ची रिकामी राहील असं का कोण जाणे वाटलं होतं, पण तिथे एक जाड चष्म्याच्या बाई येऊन बसल्या. लिलाववाले प्रत्येकाला एक बटणाचं पेन देतात. बाईंना ते पेन फार आवडलं असावं. समोर काहीतरी दाखवत होते, माझं लक्षही नव्हतं, मी आपला पुढच्या कासवाचा विचार करत होतो, आणि मागून आवाज आला, टक टक.

माझा हात वर गेला.

मी खाली घेईपर्यंत हातोडी पडली होती. मी घेतलं होतं हत्तीच्या पायाच्या आकाराचं छत्र्या ठेवायचं भांडं. मी मागे वळून बाईंकडे पाहिलं, त्या गोड हसल्या. मग मी हातावर बसलो. खरोखर, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. तरी पुन्हा टक टक झालं आणि उजवा हात आपला आपण सुटून वर गेला. या खेपेस घड्याळ नसलेली घड्याळाची पेटी. तुला हसू येत असेल. मला येत नव्हतं. तो आवाज इतक्या वर्षांत एकाच माणसाचा होता आणि माझ्या हाताला अजून कुणी कळवलं नव्हतं की तो माणूस गेला. डोक्याला कळवलं होतं. हात वेगळ्या खात्यात असावा.

कासव आलं तेव्हा खिसा बराच हलका झालेला होता. समोरच्या पडद्यावर ते एवढं मोठं करून दाखवलं, की गुलाबी कडसुद्धा दिसली. बोली सुरू झाली. एकेक जण गळाला आणि शेवटी मी आणि फोनवरचं कुणीतरी उरलो. कोण होतं ते कधीच कळलं नाही. मुलगी फोनमध्ये कुजबुजायची, मान डोलवायची, आकडा वर. मी हात करायचो, आकडा वर. मी घरून जेवढं ठरवून निघालो होतो ते मागे पडलं. मग जेवढं जवळ होतं तेही मागे पडलं. मुलीनं पुन्हा मान डोलवली. हातोडीवाला माझ्याकडे बघू लागला. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मागे बाईंच्या हातून पेन सुटून फरशीवर पडलं. एकच टक.

थांब.

अक्का, मला माहीत आहे की ते पेन होतं. पण हाताला माहीत नव्हतं. हात मांडीवर दगड होऊन पडला. बरोबरच होतं, कंडक्टर असता तर त्यानं नेमक्या त्याच जागी थांबवलं असतं. स्वतःसाठी तर आणखी आधी थांबवलं असतं. मी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं आणि वर उचललं. लहान पोराचा हात वर्गात दुसऱ्यानं उचलावा तसा. आयुष्यात पहिल्यांदा त्याची घंटी मोडली. फोनवरच्या मुलीनं ऐकलं, वाट पाहिली आणि मान नकारार्थी हलवली. हातोडी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. कमी पडलं ते पॉलिशची मोटर आणि भट्टी विकून भरलं. आता कवळी बनवायची तर सगळं हातानं घासावं लागेल. तसंही माझ्याकडे कोण येतंय.

दुसऱ्या दिवशी कासव घेऊन मी दफनभूमीत गेलो. वाटलं होतं, दोन बोटं माती उकरीन, ठेवीन, मोकळा होईन. तर तिथे आता सिमेंटनं पक्की केलेली दगडी लादी. मुलानं हौसेनं चांगली जाड घेतली आहे. कडेनं चमचा घालून बघत होतो (मी घरून चमचा नेला होता) तेवढ्यात तिथला राखणदार आला. त्याला वाटलं, मी काही चोरतोय. काहीतरी ठेवतोय म्हटल्यावर त्याला जास्त काळजी वाटली. तो म्हणाला, रात्री लोक धातू शोधायचं यंत्र घेऊन येतात. “इथं पुरलेलं काही टिकत नाही, साहेब. माणसं सोडून.” मी लादीवर बसलो, कासव मुठीत. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तो म्हणाला ते एका परीनं बरंच झालं. नावाड्याला भाडं हातात लागतं. दारात ठेवून गेलेलं चालत नाही. कुणीतरी नेऊन द्यायला हवं.

तेव्हा घरी आलो, स्वतःच्या तोंडाचा साचा घेतला आणि टाळूला बसेल अशी पट्टी केली, मागच्या दाढांना तारेनं अडकणारी, शाळकरी पोरांचे वाकडे दात सरळ करायला देतात तशी. (जन्मभर दुसऱ्यांना दात पुरवले आणि माझे स्वतःचे सगळे जागच्या जागी आहेत, ही गोष्ट धंद्याला कधी शोभली नाही.) त्यात खाच केली आणि कासव तिथे ठेवलं. चोराची भीती नाही, हरवायची भीती नाही. मोटर नसल्यामुळे पट्टी जरा खरखरीत झाली आहे, जीभ अजून रुळली नाही. तुझ्या कानाला लागलं ते हेच. काळजी करण्यासारखं काही नाही. शिंपीणबाईंनासुद्धा तसं सांग.

गुडघ्यांना जप. रागाचं औषध वेळेवर घे, म्हणजे रक्तदाबाचं.

तुझा धाकटा

ता. क. तुला छत्र्या ठेवायला भांडं हवं आहे का? हत्तीचा पाय आहे, पण कसबी माणसानं केलेला आहे, नखं अगदी खरी वाटतात. घड्याळाची पेटी शिंपीणबाईंनी नेली, आत कापडाच्या गुंडाळ्या उभ्या राहतात म्हणाल्या.

दुसरा ता. क. माझ्या प्रकृतीचं खाली लिहितो म्हणालो होतो, ते राहिलं. शिंपीणबाईंची टेप खरं बोलली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहे, मायेनं बोलते. कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. बोलणं गोड होतं, चित्र नव्हतं. कापून उपयोग नाही म्हणते. किती दिवस ते मी विचारलं नाही आणि तूही तिला फोन करून विचारू नकोस. तुझ्यापुढे ती रडेल.

तेव्हा खरं काम हे. पट्टीला मी खाचा दोन केल्या आहेत. कासव त्याचं. दुसरी खाच रिकामी आहे आणि तुझ्या कानाला लागलेला वारा तिथूनच जातो. माझी नाणी सगळी गेली, ते वर लिहिलंच आहे. पण तू नोकरीतून मोकळी झालीस त्या दिवशी मी तुला एक ओबोल दिला होता, घुबडाचा. तू म्हणालीस, याचं काय करू, आणि बटणांच्या डब्यात टाकलास. तो अजून तिथेच असणार, कारण तू काही फेकत नाहीस. डबा वर्तमानपत्रावर ओत आणि भोकं नसलेलं बटण शोध. ते मला आणून दे. दिलेलं परत मागू नये हे कळतं मला. पण मी त्याचं भाडं भरून पाठवलं आणि स्वतः काठावर राहिलो, तर तो मला ओळखीवर बसवून नेणार नाही. सासऱ्यांचं काय झालं ते तुला सांगितलंच आहे.

आणि मग शेवटी तू माझ्याजवळ बस. पोरी पिशवी घेऊन येतील, तू शिकवलेल्याच असतील. त्यांना म्हण, याची राहू दे. पट्टीला मी तार जास्तीची घातली आहे, घशात जाणार नाही, आल्यावर तूच ओढून बघ. मी तोंडाकडे बोट नेलं तर पाणी देऊ नकोस. खाचा बघ, दोन्ही भरलेल्या आहेत ना, आणि मला मान हलवून सांग. त्याला कुणी सांगितलं नाही.

तिसरा ता. क. तू वयानं मोठी असून हे तुझ्याकडे मागतोय, कारण आपल्या घरात न मरण्याचं अंग फक्त तुला आहे. लगेच निघू नकोस, गुडघ्यांचं बघून निघ. बसनं ये. आणि तिकीट फेकू नकोस, मला दे. त्याला दाखवायला नेईन.